मनगटापुरतं टेनिस: निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स, व्हीलचेअरवरून

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम, निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स, त्याला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन टेनिस आणि बॅडमिंटनचे, अर्धा बॉलिंगचा. उरलेला दीड कुठे गेला ते पुढे येईलच.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. फिरायला व्हीलचेअर. डावा हात बहुतेक वेळ मुठीतच असतो. उजवा खांद्यातून फारसा वर जात नाही, पण त्याचं मनगट बरं चालतं. शिवाय उत्साह आला की हात ताठतात, म्हणजे सामना रंगात आला की माझा खेळ बिघडतो. एवढं सगळं सांगतेय कारण ‘अपंगांसाठी चांगला गेम’ अशी काही चीज नसते. कुणाच्या कुठल्या सांध्याला चांगला, एवढंच विचारावं.

तर टेनिस. यात पडद्यावरचा खेळाडू आपला आपण धावतो, चेंडूपाशी पोहोचतो. आपल्याकडे काम एकच, वेळेवर जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, फिरवणं. लवकर फिरवला की चेंडू एका बाजूला, उशीर झाला की दुसऱ्या बाजूला. बटण लागत नाही, कंट्रोलरवरची काडी (जॉयस्टिक) हलवावी लागत नाही. जॉय-कॉनचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे सैल पकडीतही तो टिकतो. माझी भाची शेजारी उभी राहून खांद्यापासून अख्खा हात फेकते, उड्या मारते, घामाघूम होते. मी कोपर मांडीवर टेकवते आणि मनगटाला एक झटका देते. परवा ती चिडून म्हणाली, “मावशी, ही चीटिंग आहे, तू हललीसुद्धा नाहीस!” हलले नव्हतेच. गेम मात्र मी जिंकला होता.

हे जमतं त्याचं कारण जॉय-कॉनच्या पोटात आहे. आत एक अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, वेगातला बदल मोजणारा, आणि एक जायरोस्कोप, वळणं मोजणारा. दोघांनाही फक्त स्वतःपुरतं कळतं: किती झटक्याने हललो, कुठल्या बाजूला वळलो. आपल्याला धरणारा उभा आहे की बसलेला, त्याला दुसरा हात आहे का, धरणारा हातच आहे की पाय, याचा त्यांना पत्ता नसतो. हे अज्ञान माझ्या फार कामाचं आहे. बोटांची पकड संपली की मी जॉय-कॉन वेल्क्रोच्या पट्ट्याने हाताच्या पाठीवर बांधते. पट्टा रुंद घ्यायचा आणि खाली फोमचा तुकडा ठेवायचा, नाहीतर कडा रुततात. बॅडमिंटनमध्ये ड्रॉप शॉटसाठी बटण लागतं, ते अशा वेळी सोडून द्यावं लागतं. बाकी सगळा सामना पट्ट्यावर निघतो. पायात ताकद असेल तर पायाला बांधा, डोकं चांगलं हलत असेल तर हेडबँडला. टेनिसला काही फरक पडत नाही.

आता जरा मागचं. २००६ साली निन्टेंडोचा वी हा कन्सोल आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये हालचाल मोजायला अ‍ॅक्सेलरोमीटर होता, आणि टोकाला पडद्याकडे नेम धरण्यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा. जायरो नव्हता. त्यामुळे त्यावरच्या वी स्पोर्ट्स या गेमला बारकावे कळायचे नाहीत, झटका आला म्हणजे फटका आला एवढंच. नावाजलेल्या गेमर्सनी याची भरपूर टिंगल केली. पण वृद्धाश्रमांत आणि पुनर्वसन केंद्रांत फिजिओथेरपिस्ट लोकांनी तो उचलला तो याच ढोबळपणामुळे. २००९ मध्ये रिमोटसाठी मोशन प्लस आला, जायरोस्कोप जोडला गेला, आणि रिमोट हाताची नक्कल करू लागला. २०११ च्या झेल्डामध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या त्या साहसी गेममालिकेतल्या स्कायवर्ड स्वोर्डमध्ये, तलवार कुठल्या दिशेने फिरवली हे महत्त्वाचं झालं. मोशन प्लसशिवाय तो गेम चालतच नसे. समीक्षक खूश, आणि ज्यांचा हात आडवा म्हणून निघतो पण तिरका पोहोचतो ते बाहेर.

मधल्या काळात, २०१० मध्ये, किनेक्ट आला, मायक्रोसॉफ्टचा हालचाल ओळखणारा कॅमेरा. ‘तुम्हीच कंट्रोलर’ ही त्याची कल्पना. हातात काही धरायचं नाही, हे ऐकून मी हरखले होते. पण कॅमेरा शरीरात माणसाचा सांगाडा शोधतो, वीस सांध्यांचा. म्हणजे सांगाडा कसा असावा हे आधीच ठरलेलं. खुर्चीचे हात, पाठ, पायाच्या फळ्या या सगळ्यांतून माझे गुडघे वेगळे काढणं त्याला जड जाणारच. विंडोजसाठीच्या किनेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ साली बसून वापरण्याची सोय आली. तिच्यात कमरेखालचं सोडून वरचे दहाच सांधे बघितले जात. याचा अर्थ सोय करता येत होती, मागाहून सुचली इतकंच. नाव घेत नाही, पण कॅमेऱ्यासमोरच्या एका नाचाच्या गेमने दोन्ही हात डोक्यावर नेल्याशिवाय मला मेनूच उघडू दिला नाही. नाचणं राहिलं बाजूला.

तर माझं मत असं झालंय की हालचालीचं तंत्र जितकं हुशार होतं, तितकं ते शरीराबद्दल जास्त गृहीत धरतं. टेनिस मला आवडतं ते त्यातल्या मठ्ठपणासाठी.

स्विच स्पोर्ट्समधला चांबारा, म्हणजे तलवारबाजी, नेमका हुशार आहे. समोरच्याने तलवार आडवी धरली तर आपला वारही आडवाच हवा, आणि बचाव करताना बटण दाबून धरून कोनही सांभाळायचा. माझ्या मनगटाला दोन दिशा नीट येतात, बाकीच्या अंदाजाने. फुटबॉलला दोन जॉय-कॉन लागतात, दोन्ही हातांत एकेक. तो माझ्यापुरता नाहीच. त्यातला पेनल्टीसारखा शूटआउट पट्टा मांडीला बांधून लाथ मारायचा आहे. म्हटलं तर हा पट्टा बघून मला आनंदच झाला: पाय चालतो म्हणजे दंडही चालेल. पण लाथेचा झोका दंडातून काढणं खांद्याला झेपत नाही. ज्यांचा खांदा मोकळा आहे त्यांनी करून बघावं.

सगळ्यात जास्त वैताग खेळाचा नाही, मनगटाच्या दोरीचा. जॉय-कॉनच्या कडेवर जी पट्टी सरकवतात ती एका हाताने बसवणं म्हणजे कसरत. जॉय-कॉन गुडघ्यांमध्ये दाबायचा, पट्टी वरून सरकवायची, खालचं लॉक अंगठ्याने लावायचं आणि मग दोरीचा मणी दातांनी ओढायचा. पट्टी उलटी घातली तर ती अडकते आणि काढायला दोन दणकट हात लागतात. मी एकदा बसवली ती कायमची तशीच ठेवलीय.

मला खरी तक्रार करायची आहे ती पर्यायांची. या गेममध्ये बटणांवर खेळायची सोय नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये स्विचच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये बटणांची अदलाबदल करण्याची सोय आली. फार उपयोगी आहे, सगळ्या गेम्सना लागू होते. पण तिथे बटणाच्या जागी दुसरं बटण ठेवता येतं, झटक्याच्या जागी बटण ठेवता येत नाही. हे प्रत्येक गेम बनवणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. आणि अशक्य तर अजिबात नाही. तोच तलवारीवाला झेल्डा २०२१ मध्ये स्विचवर एचडी होऊन आला तेव्हा निन्टेंडोने त्यात बटणांचा पर्याय दिला. उजवी काडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला तलवार फिरते. दहा वर्षं उशिरा, पण दिला. मारिओ कार्ट ८ डिलक्स या शर्यतीच्या गेममध्ये तर गाडी कंट्रोलर वाकवून चालवायची की काडीने ते निवडता येतं. वेग आपोआप ठेवता येतो, आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी मदतही चालू करता येते. तो गेम मी भाचीसोबत, तिच्या आईसोबत, कुणासोबतही खेळू शकते.

उलट बाजूही आहे, ती सांगायलाच हवी. हालचालीचा खेळ म्हणजे अपंगांची अडचण, असं सरसकट धरू नका. माझ्या एका मित्राला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार. अंगठ्याने काडी ढकलून नेम धरणं त्याला दमवतं. स्प्लाटून हा रंग उडवायचा नेमबाजीचा गेम खेळताना तो कंट्रोलर उशीवर ठेवतो आणि किंचित तिरका करून नेम धरतो. तिथे हालचालीची आणि काडीची संवेदनशीलता वेगवेगळी ठरवता येते. हालचालीची त्याने वरच्या टोकाला नेलीय, म्हणजे केसभर कललं तरी पुरतं. हात थरथरणाऱ्याला हीच सेटिंग शिक्षा होईल. त्याने ती खाली आणावी, किंवा हालचाल पूर्ण बंद करावी. बंद करता येते, हे विशेष.

रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर या स्विचवरच्या व्यायामाच्या गेमबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून थोडक्यात: गुडघे, पाठ, खांदे दुखत असतील तर त्या त्या अवयवासाठी मदत चालू करता येते, हे मनापासून कौतुकाचं. पण धावणं डाव्या मांडीवरचा सेन्सर मोजतो आणि रिंग दोन्ही हातांनी दाबायची असते. चालता येणाऱ्या पण दुखणी असलेल्या माणसाला घ्यायला हरकत नाही. व्हीलचेअरवाल्यांनी थांबावं.

स्विच स्पोर्ट्स घ्यायचा विचार असेल तर गेम आणण्याआधी कुणाकडे तरी टेनिसचा एक सामना बसून खेळा, आपल्याला जमेल त्या अवयवाने. तो जमला तर बॅडमिंटन जमतं. डावखुऱ्यांना सेटिंग्जमध्ये हात बदलता येतो, तो आधी बदला, नाहीतर फटक्यांचा ताळमेळ लागत नाही. बॉलिंगला घरातल्या घरात खेळताना आपली पाळी येईपर्यंत कुणी घाई करत नाही, हात सैल होऊ द्यायला वेळ मिळतो. फक्त त्याचा झोका खुर्चीच्या बाजूने खाली जातो, तेव्हा खुर्चीचा हात निघत असेल तर काढून ठेवा. माझ्या उजव्या चाकाच्या कडेवर जॉय-कॉनचे ओरखडे आहेत, आणि जॉय-कॉनवर चाकाचे.