१९३० चं सोलापूर पडद्यावर: घडवायचं की शूट करून बदलायचं?

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्या दिवसांवर लघुपट करायचं ठरवलं असेल, तर आधी एवढं ठरवा: जुनं गाव संगणकावर घडवायचं, की आजचं शूट करून त्यावर काम करायचं? लोक दोन्हींना सरसकट व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स) म्हणतात, पण पैशांचं गणित अगदी वेगळं आहे.

घडवलेल्या चित्रात, म्हणजे सीजीत (कॉम्प्युटर ग्राफिक्स), कॅमेऱ्याने टिपलेलं काहीच नसतं. आकार, पोत, प्रकाश सगळं शून्यातून. प्रक्रिया केलेल्या चित्रात मूळ दृश्य खरं असतं. संगणक त्यातलं पुसतो, जोडतो, रंग बदलतो. १९७३ च्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये यंत्रमानवाला दिसणारं जग असंच केलं होतं: आधी नटांना कॅमेऱ्यावर टिपलं, मग संगणकाने त्या चित्राचे चौकोनी ठोकळे केले.

भुईकोट किल्ल्याच्या तटाशी तलावाच्या बाजूने कॅमेरा लावा. विजेच्या तारा, होर्डिंग, मोबाइल टॉवर पुसायचे आहेत. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल तर हे काम एकटा माणूस घरच्या संगणकावर करू शकतो. पण मागे धूर सोडणारी मिलची चिमणी हवी म्हटलं, की ती घडवावी लागते. आणि चिमणी आली की तलावात तिचं प्रतिबिंब आलं. पाणी हललं की तेही हललं पाहिजे. आम्ही एकदा हेच विसरलो. शिवाय दुपारचं ऊन डावीकडून आणि चिमणीवरचा उजेड उजवीकडून. दहा सेकंदांचा शॉट, म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशोबाने २४० फ्रेम, पुन्हा रेंडर कराव्या लागल्या, म्हणजे संगणकाकडून नव्याने तयार करून घ्याव्या लागल्या.

म्हणून माझं मत ठाम आहे: कमी बजेटमध्ये प्रक्रियेवर भर द्या. जे आज कुठेच उभं नाही, तेवढंच घडवा, तेही लांबून दिसेल असं. ‘ज्युरासिक पार्क’मध्येसुद्धा (१९९३) कितीतरी डायनासोर खरोखरचे यांत्रिक बाहुले होते. गर्दी लागली तर शंभर माणसं घडवू नका. वीस जणांना धोतर-टोपी घालून जागा बदलत पाच वेळा शूट करा आणि जोडा. चेहरे खरे राहतात, आणि या विषयात चेहरेच महत्त्वाचे आहेत.

शूटिंगच्या दिवशी मात्र एक चुकवू नका. नट बाजूला झाल्यावर कॅमेरा न हलवता तोच शॉट रिकामा घ्या. पुसलेल्या जागी भरायला तीच क्लीन प्लेट लागते, आणि ऊन उतरलं की ती परत मिळत नाही.