सोसायटीची एकच हरकत की प्रत्येक घराची वेगळी?

पेपरच्या कोपऱ्यात बारीक टायपात ‘कलम ३७ अन्वये फेरबदल’ (म्हणजे नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यात, कोणती जमीन कशासाठी वापरायची त्यात, बदल) छापून येतं आणि त्यातला सर्व्हे नंबर नेमका आपल्या कंपाउंडला लागून असतो. हरकतीची मुदत एक महिना. हरकत घ्यायची यावर सोसायटीत लगेच एकमत होतं, वाद पेटतो तो कोणाच्या नावाने घ्यायची यावर.

आमच्या मागच्या प्लॉटचा विभाग रहिवासाचा वाणिज्य करून तिथे लग्नाचं लॉन्स काढायचं घाटत होतं. सोसायटीने लेटरहेडवर हरकत दिली, मी माझी वेगळी दिली. त्यामुळे दोन्ही कागदांचं पुढे काय होतं ते बघायला मिळालं.

लेटरहेडला वजन असतं, हे मान्यच. ठराव जोडलेला, पदाधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. उद्या प्रकरण हायकोर्टात गेलं तर संस्था म्हणून उभं राहणं बरं पडतं. शिवाय आडोसा मिळतो. प्लॉटवाला परिसरातलं बडं प्रस्थ असेल, तर आपलं नाव आणि फ्लॅट नंबर फायलीत लागलेला सगळ्यांनाच चालत नाही. आमच्याकडच्या एक काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “भाऊ, सही करते हो, पण उद्या यांच्या दुकानाला त्रास नाही ना व्हायचा?” या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

पण लेटरहेडमागे सभा आली. विशेष सर्वसाधारण सभेची पाच दिवसांची नोटीस, गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग मसुद्यावर चर्चा. कोणाचा प्लॉटवाल्याशी लांबचा घरोबा, कोणाला वाटतं वाणिज्य झालं की आपल्याही फ्लॅटचा भाव चढेल. एकेक धारदार वाक्य गळत जातं आणि शेवटी उरतं, ‘रहिवाशांची गैरसोय होईल, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’

तेही मी एकवेळ चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते नोटिशीमुळे. सुनावणीची नोटीस हरकतीवरच्या पत्त्यावर जाते. सोसायटीची नोटीस वॉचमनने घेतली आणि इमानेइतबारे लाइट बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. सचिव मुलीकडे बंगळुरूला. माझ्या नावाची नोटीस माझ्या दारात आली, तेव्हा कुठे बाकीच्यांना सुनावणीची तारीख कळली! अध्यक्ष धावतपळत पोचले, तर समोरून विचारणा झाली, “सही सचिवांची आहे, तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का?” शिक्का सचिवांच्या कपाटात, कपाटाची किल्ली बंगळुरूत. अध्यक्ष व्हरांड्यात साध्या कागदावर काहीतरी लिहीत बसले आणि तोवर माझं नाव पुकारलं गेलं. सोसायटीच्या पत्राखाली ज्यांनी हौसेने सह्या केल्या होत्या, त्यांना वेगळं बोलावणं आलंच नव्हतं.

आत गेल्यावर आणखी एक कळलं. डीजे, फटाके, रात्रीचा धिंगाणा हे सगळं सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शांतपणे ऐकलं, पण लिहून काही घेतलं नाही. एका अर्थी बरोबरच आहे. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेच, ती पाळायला लावू म्हटलं की विषय मिटतो. सुनावणी जमिनीच्या वापराची असते. मी टेप घेऊन रस्ता मोजला होता. नकाशात नऊ मीटर, जागेवर दोन्ही बाजूंच्या गाड्या सोडल्या तर जेमतेम एक टेम्पो जाईल एवढा. पावसाळ्यात आमचा ड्रेनेजचा चेंबर तुंबतो त्याचे फोटोही लावले होते. त्यावर साहेबांनी मान वर करून पेन उचललं. असला तपशील सोसायटीच्या पत्रात घालता येत नाही असं नाही, पण मसुद्याच्या चर्चेत तो टिकत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही टिकला.

वेगळ्या हरकतींचीही एक खोड आहे. एकच मजकूर झेरॉक्स करून खाली नावं बदलली, तर त्या एकत्रच ऐकल्या जातात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. एवढ्या ढिगात छापील नमुना कोण वेगळा काढून वाचणार? त्यामुळे चार ओळी असल्या तरी आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या लिहा.

यातला कोणता कागद कामी आला, ते मला सांगता येणार नाही. सुनावणीनंतर प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो, मंजुरी शासनाची, आणि आमची फाईल अजून मंत्रालयातच आहे. तुमची कमिटी तत्पर असेल, सचिव गावात असेल, तर लेटरहेड खुशाल द्या, जोडीला आपलंही द्या. पण मुदत संपत आली असेल आणि सभेची तारीखच ठरत नसेल, तर मी थांबणार नाही. आवक खिडकीवर मात्र आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हे तिन्ही घेतल्याशिवाय हलू नका. नुसती सही मारून प्रत परत देतात, तिला पोच म्हणत नाहीत.