भूतानची सहल: गाईड-ड्रायव्हरला पाचपैकी पाच, एजंटाला दोन

मी एसटीत कंडक्टर आहे, परभणी जिल्ह्यातल्या एका डेपोत. अठरा वर्षं झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या बहिणीला घेऊन भूतानला जाऊन आले. आमच्याच भागातल्या एका एजंटाकडून पॅकेज घेतलं होतं. हैदराबादहून बागडोगऱ्यापर्यंत विमान, पुढं गाडी, भूतानात पाच रात्री, राहणं-खाणं धरून माणशी ४६ हजार. त्याचं नाव लिहीत नाही, पैशाचं बोलणं अजून चालू आहे.

आधी तक्रारीचं सांगते, कारण यात कुणीही अडकू शकतं. भूतानात जायला भारतीय माणसाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही. एजंट मात्र शेवटपर्यंत म्हणत होता, "ताई, आधार चालतंय, टेन्शन घेऊ नका." माझ्या लेकीनं मोबाईलवर बघितलं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कळलं. बहिणीचं मतदार कार्ड सोनपेठ तालुक्यात, तिच्या घरी, कपाटात. भाचा रात्रीच्या शेवटच्या गाडीनं ते घेऊन परभणीला आला. गाडीतून उतरला तेव्हा कार्ड खिशात नव्हतं, शर्टाच्या आत बनियनला पिन लावून अडकवलेलं होतं. ते हातात येईपर्यंत बहीण जेवली नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. भूतान सरकार पर्यटकाकडून रोजचं शुल्क घेतं, त्याला तिकडं सगळे एसडीएफ म्हणतात. २०२२ पासून भारतीयांना एका रात्रीचे १२०० रुपये आहेत. पाच रात्रींचे माणशी सहा हजार. "सगळं धरून" म्हणणाऱ्या एजंटानं ते धरलेच नव्हते. सीमेवर पोहोचल्यावर त्याचा फोन आला, तेवढे भरून टाका म्हणून. दोघींचे बारा हजार मी भरले. आमच्या पगाराच्या माणसाला बारा हजार म्हणजे काय, हे त्याला कळायला पाहिजे होतं.

आता तिकडचं. सीमेवर आपल्याकडचं गाव जयगाव, पश्चिम बंगालमधलं. तिकडचं फुन्शोलिंग. मधे भिंत आणि एक रंगीत दरवाजा. जयगावात आमची गाडी अर्धा तास गर्दीत अडकली होती. ऑटो, हातगाड्या, धूळ आणि हॉर्न. माझं आयुष्य हॉर्नमध्येच गेलंय, तरी डोकं दुखायला लागलं. कागदपत्रं दाखवून पलीकडं गेलो आणि आवाज बंद. हवा तीच, पन्नास पावलांचं अंतर. मी मुद्दाम बघत होते. बंगालच्या नंबरच्या गाड्यासुद्धा आत आल्यावर हॉर्न वाजवत नव्हत्या. म्हणजे ड्रायव्हर आपलाच, गाडी आपलीच. मग आपल्याकडं आपण का नाही असं वागत? हा प्रश्न पाचही दिवस माझ्या डोक्यात होता.

फुन्शोलिंग ते भूतानची राजधानी थिंफू साधारण दीडशे किलोमीटर, सगळा घाट. हा रस्ता आपल्याच सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पानं बांधलाय, १९६१ पासून त्यांचं तिथं काम आहे. त्यांच्या कॅन्टीनमध्ये डोसा मिळाला, बहीण खूश. वाटेतल्या गेदू गावाजवळ इतकं धुकं होतं की पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसायचा. आमच्या ड्रायव्हरनं एकदाही वळणावर ओव्हरटेक केलं नाही. मागून घाईची गाडी आली की बाजूला घ्यायचा आणि जाऊ द्यायचा. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अठरा वर्षं रस्ता बघितलाय, म्हणून सांगते, हा माणूस सोन्यासारखा होता.

थिंफूत एकही सिग्नल नाही. मुख्य चौकात नक्षीदार छत्री आहे, तिच्याखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातानं गाड्या सोडतो. एकदा सिग्नल बसवला होता म्हणे, लोकांना पटला नाही, काढून टाकला. पहिल्या रात्री जेवणानंतर डोकेदुखीची गोळी आणायला मी एकटीच बाहेर पडले. नऊ वाजून गेले होते. नॉर्झिन लाम म्हणजे तिथला मुख्य रस्ता. झेब्रा पट्ट्यांपाशी मी सवयीनं थांबले, गाडी जाऊ द्यावी म्हणून. गाडी थांबली. मी हात केला, जा. आतल्या बाईनं हात केला, तुम्ही जा. मी परत हात केला. तिनं इंजिनच बंद केलं आणि हसली. मी रस्ता ओलांडला. समोरून कॉलेजच्या वयाच्या तीन पोरी गप्पा मारत चालल्या होत्या, मोबाईल हातात, कुणी मागं वळून बघत नव्हतं.

माझी शेवटची ड्युटी साडेदहाला सुटते. घर दीड किलोमीटर. अठरा वर्षांत मी ते अंतर रात्री एकटीनं कधी चालले नाही. मालक गाडी घेऊन येतात, त्यांना जमलं नाही तर मी डेपोतच थांबते. लेक संभाजीनगरला हॉस्टेलवर आहे, क्लासहून निघाली की लोकेशन पाठवते आणि पोहोचेपर्यंत मी तो निळा ठिपका बघत बसते. त्या रात्री गोळी घेऊन परत आले आणि हॉटेलच्या पायरीवर उगाच दहा मिनिटं बसले. बहीण शोधत आली, "अक्का, काय झालं?" काय सांगणार.

पण सगळं गोडच आहे असं म्हणणार नाही. त्या देशाची लोकसंख्या आठ लाखसुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेत एकटा आमचा जिल्हा अठरा लाखांच्या वर होता. तिथलं इथं जसंच्या तसं येणार नाही, हे मलाही कळतं. भाजी महाग, कांदा आपल्याकडूनच जातो. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत मोफत प्राथमिक उपचार लिहिलेत, ते मिळतातही, पण आमच्या गाईडच्या आईला किडनीच्या उपचाराला कोलकात्याला नेलं होतं. खर्च सरकारनं केला. पोरगा सव्वीस वर्षांचा, कोइम्बतूरला शिकलेला, हिंदी छान. त्याचा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला गेलाय, वर्गातले निम्मे तिकडंच, म्हणाला. "दीदी, इथं भीती नाही, पण नोकरीही नाही." घरांच्या आत बायकांचं काय चालतं, हेही पाच रात्रींत कळत नाही.

कुत्री मात्र रात्रभर भुंकतात, कानात कापूस घेऊन जा. सगळ्यांच्या कानाला खाच दिसते, ती नसबंदीची खूण. २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी पूर्ण झाल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. आमच्या गावात लेकरं काठी घेऊन शाळेत जातात.

जेवणात मिरची आणि चीजची भाजी असते, एमा दात्सी. मिरचीच भाजी म्हणून खातात. परभणीच्या माणसाला जड जाणार नाही. पारो या गावातलं हॉटेल स्वच्छ होतं, गरम पाणी फक्त सकाळी. तक्तसांग म्हणजे तिथला कड्यावरचा बौद्ध मठ, त्याचा डोंगर बहिणीला झेपला नाही, गाईड तिच्यासोबत अर्ध्यावर थांबला आणि ड्रायव्हर मला वर घेऊन गेला. हे त्याच्या कामात नव्हतं.

जाणार असाल तर मतदार कार्ड आधी काढून बघा आणि एसडीएफ धरलंय का ते एजंटाकडून लिहून घ्या. पावसाळ्यात जाऊ नका, त्या घाटात दरडी पडतात. बारा हजारांपैकी निम्मे तरी परत द्या, असं मी एजंटाला लेखी दिलंय. परत दिले तर दोनाचे तीन करीन.