साउंड बाथ की योगनिद्रा? पैसे भरायच्या आधी वाचा

दोन्हीकडे शवासनात पडून राहायचं असतं म्हणून लोकांना वाटतं एकच प्रकार आहे, पण नाहीये. योगनिद्रेत समोरचा सतत बोलत असतो, आधी संकल्प, मग उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट असं त्याच्या मागे लक्ष फिरवायचं, आणि झोपायचं नाही ही खरी गोम, जी निम्म्या लोकांना जमत नाही. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी बसवलेली पद्धत ही, आणि मोबाईलवर फुकट मिळते.

साउंड बाथमध्ये तुम्ही काहीच करायचं नाही. पाणी-बिणी नसतं, सैल कपड्यात जायचं, मॅटवर आडवं व्हायचं, पाऊण-एक तास बाऊल, म्हणजे दांडक्याने वाजवायचे वाडगे, वाजत राहतात. तळपायाला तूप लावून घासतो ती काशाची वाटी असते ना, साधारण त्याच धातूचे, तांबं आणि कथील, विकणारे सप्तधातू म्हणतात ते फार मनावर घेऊ नका. जवळजवळ सारख्या सुराचे दोन बाऊल एकत्र वाजले की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, ते ऐकायला मस्त वाटतं. क्वार्ट्झचे पांढरे बाऊल मात्र काहींच्या कानात घुसतात, आणि गाँग, म्हणजे टांगलेली मोठी धातूची थाळी, असेल तर छातीत दणका जाणवतो, रिलॅक्स व्हायला गेलेला माणूस दचकून उठतो, म्हणून गाँग आहे का ते आधीच विचारा. कुणीतरी घोरणार हे गृहीत धरा. आणि एसी असतो, शाल न्या.

फायदा? अमेरिकेत ६२ जणांवरचा एक अभ्यास २०१६ साली आला, सेशननंतर ताण, राग, थकवा कमी वाटला म्हणे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे नुसतं शांत पडून काय झालं असतं ते कळत नाही. चक्रं आणि अमुक हर्ट्झवाले दावे मी तरी सोडून देते.

माझं मत विचाराल तर सूचना ऐकूनच वैताग येत असेल, डोकं थांबतच नसेल तर एकदा साउंड बाथ करून बघा, पण रोजचं काहीतरी हवं असेल तर योगनिद्राच, दर वेळी पैसे कोण मोजणार. फिट्स येत असतील, पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग नको. कानात सतत गुणगुण असेल तर मॅट बाऊलपासून लांब, दाराजवळ टाका, मधेच उठता पण येतं.