कोल्हापुरातील ऐतिहासिक वास्तू, त्यांच्या बागा आणि तेथील कार्यक्रम : कोणी, कोठे आणि केव्हा जावे

कोल्हापुरातील एखाद्या ऐतिहासिक वास्तूच्या आवारात होणाऱ्या सार्वजनिक कार्यक्रमाला घरच्या मंडळींना, शाळेतील वर्गाला किंवा बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन जायचे असेल, तर निवड प्रामुख्याने चार ठिकाणांमधून करावी लागते. कसबा बावड्याच्या वाटेवरील नवा राजवाडा आणि त्यातील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाजवळचा टाउन हॉल आणि त्याची बाग, राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेला कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाडा आणि राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलादालन ही ती चार ठिकाणे होत. चारही ठिकाणी इतिहास आहे; परंतु कार्यक्रम या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येकाचा स्वभाव इतका वेगळा आहे की चुकीच्या दिवशी योग्य ठिकाणी गेलेला माणूसही रिकाम्या मनाने परत येऊ शकतो.

निवड करताना मी एकच कसोटी लावतो, आणि या संपूर्ण आढाव्याचा आधारही तीच आहे. जो कार्यक्रम पाहायचा आहे, तो दुसऱ्या एखाद्या सभागृहात झाला असता तर त्यात काही उणे पडले असते का, हा प्रश्न विचारावा. शिवकालावरचे व्याख्यान शाहू स्मारक भवनात ऐकणे अधिक सोयीचे असते, कारण तेथे बसायला नीट जागा असते आणि आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. ऐतिहासिक वास्तूत तेच व्याख्यान ऐकण्याला अर्थ येतो तो वक्ता समोरच्या शिल्पाकडे, खिडकीच्या काचेकडे किंवा अंगणातील तोफेकडे बोट दाखवून बोलतो तेव्हा. वास्तूचा उपयोग केवळ मांडवासारखा होत असेल, तर तेथे जाण्याचा खटाटोप करू नये.

सर्वांत देखणी वास्तू अर्थातच नवा राजवाडा आहे. 1877 ते 1884 या काळात काळ्या दगडात उभारलेल्या या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा होता. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचे आणि अजमेरच्या मेयो कॉलेजचे मूळ आराखडेही त्यांचेच होते. 1881 मध्ये मँट यांचे निधन झाल्यामुळे कोल्हापूरचा राजवाडा पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. राजस्थान-गुजरातकडील जैन व हिंदू वास्तुशैलीतील नक्षी, इथल्या वाड्यांची ठेवण आणि मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा यांचा मेळ असा काही जमला आहे, की बाहेरच्या बागेत उभे राहून नुसती इमारत निरखण्यातही चांगला वेळ जातो. तळमजल्यावर 1974 पासून शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. वरच्या भागात छत्रपती घराण्याचे निवासस्थान आहे, ही गोष्ट कार्यक्रमांचा विचार करताना सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते. हे राहते घर आहे आणि त्यामुळे त्याचा काही भागच लोकांसाठी खुला असतो.

दरबार हॉल हा या संग्रहालयाचा मानबिंदू आहे. दोन मजल्यांइतक्या उंचीचे दालन, एका टोकाला सिंहासनाची जागा, कोरीव कमानी आणि शिवाजी महाराजांच्या जीवनातील प्रसंग रंगवलेल्या काचा यांमुळे लहान मुलेही येथे आपसूक हळू बोलू लागतात. शस्त्रे, पोशाख, हत्तीवरचा चांदीचा साज आणि शिकारीतील प्राण्यांचे पेंढा भरलेले नमुने या वस्तू पाहताना मात्र मुलांना जोडीला समजावून सांगणारे कोणी हवे, नाहीतर वाघाच्या मुखवट्यापुढे घोळका जमतो आणि पत्रे, फर्माने व छायाचित्रे यांच्यासमोरून सगळे घाईघाईने निघून जातात. आत छायाचित्रे काढण्यास मनाई असल्याने पाहुण्यांना याची कल्पना आधीच द्यावी. वर्षभर आखलेल्या व्याख्यानांसाठी किंवा कार्यशाळांसाठी हे ठिकाण निवडू नये. येथे जायचे ते पाहण्यासाठी. बागेतील कारंजे आणि तळ्याच्या परिसरातील हरणे ही कुटुंबासाठी जमेची बाजू असली, तरी ही बाग दुरून पाहण्याची आहे, तीत सतरंजी अंथरून बसण्याची नाही.

नव्या राजवाड्याचा खरा सार्वजनिक कार्यक्रम त्याच्या आवाराबाहेर होतो, तो म्हणजे विजयादशमीचा शाही दसरा. सायंकाळी छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, अंबाबाईची, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी तेथे येते, शमीपूजन होते, बंदुकांची सलामी होते आणि मग सोने लुटण्यासाठी लोकांची झुंबड उडते. वर लावलेल्या कसोटीवर हा सोहळा पूर्णपणे उतरतो, कारण तो दुसऱ्या कोणत्याही चौकात झाला असता तर तो कोल्हापूरचा दसरा राहिला नसता. ज्यांनी दुपारी संग्रहालयातील अंबारी, शस्त्रे आणि दरबारी पोशाख पाहिले आहेत, त्यांना संध्याकाळच्या सोहळ्यातील प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटते. मात्र सणाच्या दिवशी संग्रहालय खुले असेल असे गृहीत न धरता ते आदल्या दिवशी पाहून घेणे शहाणपणाचे ठरेल. गर्दी प्रचंड असते. पाच-सहा वर्षांच्या आतील मुले किंवा गुडघेदुखी असलेली वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर चौकाच्या मध्याकडे जाण्याचा हट्ट धरू नये.

टाउन हॉल हे कोणाचे राहते घर कधीच नव्हते, त्यामुळे काटेकोरपणे त्याला वाडा-संग्रहालयांच्या पंक्तीत बसवता येणार नाही. तरीही बाग, वास्तू आणि कार्यक्रम या तिन्हींचा एकत्रित विचार केला, तर माझे झुकते माप त्यालाच आहे. 1872 ते 1876 या काळात बांधलेली ही इमारतही मँट यांचीच असून टोकदार कमानी आणि निमुळते मनोरे यांमुळे तिची गॉथिक धाटणी लगेच ओळखू येते. एकाच स्थापत्यकाराने काही वर्षांच्या अंतराने एकाच शहरात इतक्या भिन्न शैलींत काम कसे केले, हे पाहायचे असेल तर टाउन हॉल आणि नवा राजवाडा लागोपाठ पाहावेत. समोरची सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारतही त्याच ओघात पाहून होते.

येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाचा जन्मच एका उत्खननातून झाला. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे पुरावे हाती आले. त्या टेकाडातून मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली कांस्यमूर्ती हे या संग्रहाचे भूषण आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या जगाशी चाललेला व्यापार घाट उतरून पंचगंगेच्या काठापर्यंत कसा पोहोचला होता, हे एवढ्याशा मूर्तीवरून समजते, आणि तिची गोष्ट कोल्हापूरच्या प्रत्येक मुलाने शाळेत असतानाच ऐकली पाहिजे असे मला मनापासून वाटते. हत्तीवर स्वार झालेल्या माणसांचे त्याच टेकाडातील कांस्यशिल्पही असेच खिळवून ठेवणारे आहे. शिवाय आबालाल रहिमान यांच्यापासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे दर्शन येथे घडते. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेला आणि कोटितीर्थाच्या परिसरातील निसर्ग रंगवणारा हा थोर चित्रकार आपल्या शहरात होता, हे अनेक कोल्हापूरकरांनाही ठाऊक नसते.

कार्यक्रमांसाठी टाउन हॉलचे दिवस लक्षात ठेवायला सोपे आहेत. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन, 18 मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबर या काळात जागतिक वारसा सप्ताह असतो. नाणी, शस्त्रे किंवा छायाचित्रे यांची प्रदर्शने, व्याख्याने आणि विद्यार्थ्यांच्या भेटी यांना या निमित्तांनी जोर येतो. यांपैकी नोव्हेंबरचा सप्ताह निःसंशय सर्वांत चांगला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेल्या असतात, हवेत गारवा असतो आणि बागेतील जुन्या झाडांखाली वर्ग बसवता येतो. मे महिन्यात दुपारी ऊन भाजून काढते आणि संध्याकाळी वळिवाचा भरवसा नसतो, म्हणून संग्रहालय दिनाला जायचे असल्यास सकाळीच जावे. इमारतीभोवती मांडलेली दगडी शिल्पे आणि तोफा ही मुलांसाठी आतल्या कपाटांपेक्षाही मोठी शाळा आहे, कारण त्यांच्याभोवती फिरता येते आणि चित्रवहीत त्यांची रेखाटने काढता येतात. वर्ग मोठा असेल, तर निम्म्या मुलांना बागेत रेखाटनासाठी बसवावे आणि निम्म्यांना आत न्यावे. सर्वांना एकदम आत नेले तर पोसायडनची मूर्ती पुढच्या दहा जणांनाच दिसते. सोमवारी हे संग्रहालय बंद असते.

लक्ष्मी-विलास राजवाड्याविषयी वेगळ्या भावनेने लिहावे लागते. 26 जून 1874 रोजी येथे कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतरावांचा जन्म झाला आणि 1884 मध्ये दत्तकविधानानंतर ते शाहू महाराज झाले. ज्यांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या आणि पुढे 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्यांच्या जन्मस्थानी त्यांच्या जयंतीला जाणे हा ज्याचा त्याचा श्रद्धेचा आणि कृतज्ञतेचा विषय आहे. 26 जून हा राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणूनही पाळला जातो. या दिवशी सकाळी येथे अभिवादनासाठी पदाधिकारी, अधिकारी, विद्यार्थी आणि सर्वसामान्य लोक येतात. संग्रह पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्यांचा या गर्दीत विरस होण्याचा संभव आहे. वस्तूंच्या दृष्टीने नव्या राजवाड्याशी किंवा टाउन हॉलशी या ठिकाणाची तुलनाच करू नये. पण शाहू महाराजांचे चरित्र शिकवणाऱ्या शिक्षकाला त्याच्या वर्गासाठी यापेक्षा समर्पक जागा सापडणार नाही. जूनअखेर पाऊस असतोच, तेव्हा छत्र्या आणि चिखलात चालणाऱ्या चपला यांची सोय करूनच निघावे. ज्यांना गर्दी नको, त्यांनी 6 मे या स्मृतिदिनाच्या आसपास नर्सरी बागेतील समाधिस्थळी जावे. तेथे बाग आणि स्मारक एकत्र आहेत आणि वृद्धांना ते सोसवते.

चौथे ठिकाण सर्वांत लहान, आणि खऱ्या अर्थाने ज्याला घर म्हणावे असे. चित्रपट अभिनेते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले चंद्रकांत मांडरे हे मनाने चित्रकार होते. बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटातून ते पडद्यावर आले आणि अभिनयाच्या धकाधकीतही त्यांनी निसर्गचित्रण सोडले नाही. आपली चित्रे आणि राजारामपुरीतील राहते घर त्यांनी शासनाला दिले आणि आज तेच कलादालन आहे. रंगांतील चित्रांइतकीच त्यांची पावडर शेडिंगमधील कृष्णधवल चित्रे मोलाची आहेत. भुकटी कागदावर पसरून, दाबून आणि पुसून धुके, पाणी, झाडांची दाटी हे सारे उभे करणारे हे तंत्र छापील पुनर्मुद्रणात कळत नाही. त्यासाठी मूळ चित्रासमोरच उभे राहावे लागते. म्हणूनच चित्रकलेचे प्रात्यक्षिक किंवा छोटी कार्यशाळा या घरात असल्याचे कळले, तर बाकी सारे बाजूला ठेवून जावे. भिंतीवरचे चित्र आणि समोर बसून काढले जाणारे चित्र एकाच दृष्टिक्षेपात येण्याचे भाग्य इतर तिन्ही ठिकाणी नाही. बाग म्हणावी असे येथे फारसे काही नाही आणि खोल्या घराच्याच मापाच्या असल्याने दहा-पंधरा जणांपेक्षा मोठा गट नेऊ नये.

आता निवडीचे बोलू. बाहेरगावचे पाहुणे एकाच दिवसासाठी आले असतील, तर नवा राजवाडा टाळता येणार नाही आणि टाळूही नये. सकाळी टाउन हॉल, तेथून दसरा चौकावरून नवा राजवाडा आणि वेळ उरल्यास पुढे कसबा बावडा, अशी वाट फारसे वळण न घेता पुरी होते. राजारामपुरी मात्र दुसऱ्या दिशेला असल्याने कलादालनासाठी वेगळी वेळ काढावी. पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी वारसा सप्ताहातील टाउन हॉल हेच माझे उत्तर आहे आणि नवा राजवाडा ही नंतरची पायरी. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी आधी टाउन हॉलमधील चित्रे पाहावीत आणि मग मांडऱ्यांच्या घरी जावे, म्हणजे कोल्हापूरच्या चित्रकारांची एक पिढी दुसरीला काय देऊन गेली हे त्यांच्या नजरेला पडेल. ज्यांना फुले आणि झाडे एवढेच हवे आहे, त्यांनी यांपैकी कोठेही न जाता थंडीच्या दिवसांत महावीर उद्यानात भरणारे पुष्पप्रदर्शन पाहावे.

गट घेऊन जाणाऱ्यांनी शाळेच्या किंवा मंडळाच्या पत्रावर मुलांची संख्या, इयत्ता आणि अपेक्षित वेळ लिहून संग्रहालयाच्या अभिरक्षकांकडे किमान आठवडाभर आधी द्यावी. त्या पत्रात आणखी एक ओळ आवर्जून घालावी : कोणती वस्तू किंवा कोणते दालन मुलांना समजावून हवे आहे. ‘संग्रहालय दाखवावे’ एवढीच विनंती केली, तर मुलांना सर्व दालनांतून एक फेरी मिळते. ‘ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंविषयी अर्धा तास सांगावे’ असे लिहिले, तर समजावून सांगणाऱ्यालाही तयारी करता येते, आणि मुलेही प्रश्न घेऊन येतात.