दरमहा दोन हजारांचे शेअर्स : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एप्रिल 2025 च्या पगारातून मी आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतले. निफ्टी बीजची (निफ्टी निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे घालणारा, शेअरसारखाच बाजारात मिळणारा फंड) 5 युनिट आणि आयटीसीचे 2 शेअर, मिळून साधारण एकवीसशे रुपये. आई म्हणत होती, "त्यापेक्षा पोस्टात टाक." पोस्टातली आरडी 6.7 टक्के देते आणि ती माझी चालूच आहे, ती मोडलेली नाही.

चार दिवसांत 7 एप्रिल उजाडला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात 2,226 अंकांनी कोसळला. दुपारी कामावर असताना मोबाईल उघडला तर सगळं लाल. माझं नुकसान मोजलं तर पन्नासएक रुपये! मोठी रक्कम एकदम टाकली असती तर त्या दिवशी मी नक्की घाबरून विकून मोकळी झाले असते. थोड्या पैशांत सुरुवात करण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

खरा धक्का रात्री बसला, कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेला खरेदीचा हिशेब, नीट वाचली तेव्हा. माझ्या ब्रोकरची दलाली प्रत्येक ऑर्डरला किमान 20 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. दोन ऑर्डरचे झाले 47 रुपये 20 पैसे. म्हणजे बाजाराने नेले जवळपास तेवढेच दलालीनेही नेले. बाजाराची घसरण महिना संपायच्या आत भरून निघाली, दलालीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. खातं उघडताना मी 'खातं मोफत' एवढंच वाचलं होतं. तुम्ही दरपत्रकात 'किमान' हा शब्द आधी शोधा. लाखाच्या ऑर्डरला वीस रुपये काहीच नाहीत, आठशेच्या ऑर्डरला ते जीएसटी धरून जवळजवळ तीन टक्के होतात.

जूनमध्ये डिलिव्हरीवर (त्याच दिवशी न विकता ठेवून घेतलेल्या शेअर्सवर) दलाली न घेणाऱ्या दुसऱ्या ब्रोकरकडे गेले आणि जुनं खातं शेअर हलवून बंद केलं. बंद करणं गरजेचंच होतं, कारण चार लाखांपर्यंतच्या शेअर्सना वार्षिक शुल्क माफ असलेलं बेसिक डीमॅट खातं (डीमॅट म्हणजे शेअर जमा राहतात ते खातं) आपल्या नावावर एकच डीमॅट असेल तरच मिळतं.

तिथेही एकदा हात पोळला. एका कंपनीचा एकच शेअर 418 ला घेतला आणि 431 ला विकला. नफा 13 रुपये, डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर जाण्याचं शुल्क, 15 रुपये 34 पैसे. हा चार्ज खरेदीला लागत नाही. विकताना मात्र दर कंपनीमागे दर दिवशी लागतो, मग शेअर एक असो की पाचशे. तेव्हापासून थोडे थोडे घेते, पण थोडे थोडे विकत नाही. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर आहे, ते वेगळंच.

आपल्याकडे अर्धा-पाव शेअर घेता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. अमेरिकेत शेअरचा तुकडा मिळतो. इथे एमआरएफचा एक शेअर हवा तर लाखाच्या वर मोजावे लागतात. म्हणून दोन हजारवाल्याला निफ्टी बीज सोयीचं वाटतं: काहीशे रुपयांच्या एका युनिटमध्ये पन्नास कंपन्या येतात. ऑर्डर मात्र लिमिट लावूनच, म्हणजे आपला भाव ठरवूनच टाका. पै न् पै गुंतवायची असेल तर म्युच्युअल फंडाची एसआयपी बरी, तिथे युनिट दशांशात मिळतं.

आयटीसीच्या दोन शेअर्सवर अंतिम लाभांश आला, 7.85 च्या दराने 15 रुपये 70 पैसे. ब्रोकरकडे नाही, थेट बँकेत. सर्वसाधारण सभेच्या ठरावांवर मत द्यायचा मेलही आला. दोन शेअर्सची मालकीण म्हणून मी प्रत्येक ठराव वाचून मत दिलं, आणि तो मेल आईला दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, "ह्याला पॅन कार्ड लागतं का गं?"