डी-७६ की रोडिनल: मुंबईच्या उकाड्यात सातत्य कशात?

दादरच्या एका विद्यार्थिनीच्या कृष्णधवल निगेटिव्हची घनता, म्हणजे काळेपणा, दर रोलला बदलते, म्हणून ती डी-७६ आणि रोडिनल या दोन डेव्हलपरांपैकी, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणाऱ्या रसायनांपैकी, एक निवडू पाहत आहे. डी-७६चे द्रावण पूर्ण भरलेल्या बाटलीत सुमारे ६ महिने, अर्धवट बाटलीत मात्र दोनच महिने टिकते. रोडिनलचा अर्क वर्षानुवर्षे टिकतो आणि दरवेळी ताजा पातळ करून एकदाच वापरला जातो. चित्रात दिसणारा दाणा डी-७६चा अधिक बारीक असतो, तर रोडिनल वापरायचे असल्यास सावल्यांतले तपशील येण्यासाठी फोटो काढतानाच एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) थोडे वाढवावे लागते. तापमानात सवलत कोणीच देत नाही: एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला डी-७६च्या मूळ (पातळ न केलेल्या) द्रावणात २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे लागतात, आणि मे महिन्यातल्या नळाच्या कोमट पाण्यात ही वेळ इतकी घटते की डेव्हलपिंग असमान होऊ शकते, म्हणून बर्फ आणि थर्मामीटर हवेतच. दर आठवड्याला रोल धुणाऱ्यांनी डी-७६ घ्यावा. महिन्याला एखादाच रोल असेल, तर रोडिनल अधिक भरवशाचे ठरते.